जुन्या औषधांची साक्ष



या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर, इतिहासावर, शेतीवर बोलणारी विद्वान मंडळी आपण ऐकली आहेत. त्यांच्या पंगतीत मला बसवले, हा चालकांचा लोभ. मी डॉक्टर नाही, प्राध्यापकही नाही. माझी शाळा नववीत सुटली; पुढचे शिक्षण कारखान्याच्या दारात, संघटनेच्या कचेरीत आणि गावच्या वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा कोणत्या रोगावर कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही, आणि आज मी ते सांगणारही नाही. मी सांगणार आहे ती काही जुन्या औषधांची हकीकत. आतड्याच्या एका हट्टी रोगावर ती कशी आली, डॉक्टरांनी त्यांच्याविषयी वेळोवेळी काय मत दिले आणि ते मत कशाच्या बळावर बदलले, एवढाच माझा विषय आहे.

या विषयाकडे मी कसा ओढला गेलो, ते आधी सांगितले पाहिजे. पंचवीसएक वर्षांपूर्वी आमच्या संघटनेच्या एका सभासदाला त्याच्या कारखान्याने आरोपपत्र दिले. आरोप असा की, हा इसम एका पाळीत सात-आठ वेळा यंत्र सोडून जातो आणि महिन्यातून चार-पाच दिवस न कळवता गैरहजर राहतो. चौकशीत त्याची बाजू मांडण्याचे काम माझ्याकडे आले. वय तीस-बत्तीस, अंगाने वाळलेला, चेहरा पांढुरका. मी खोदून विचारले तेव्हा खाली मान घालून म्हणाला, ‘आप्पा, मी कामचोर नही शे. पोट ऐकत नही.’ दोन वर्षे त्याला रक्ताची आव पडत होती. ताप आला तर माणूस चारचौघांत सांगतो. हे दुखणे सांगायची लाज वाटते. आम्ही त्याच्या जुन्या चिठ्ठ्या गोळा केल्या. प्रत्येक चिठ्ठीवर ‘आमांश’ हा एकच शब्द, आणि त्याच त्या पाच-सात दिवसांच्या गोळ्या.

अखेर एका मोठ्या शहरातील रुग्णालयात दुर्बिणीने त्याचे आतडे पाहिले, अस्तराचा लहानसा तुकडा काढून तपासला, तेव्हा कळले की हा आमांश नव्हे. हा मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह, डॉक्टर ज्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात तो. तेथील एका वयस्क डॉक्टरांनी सल्फासालाझीन नावाच्या गोळ्या लिहून दिल्या. दीड-दोन महिन्यांत माणूस यंत्रापाशी उभा राहिला. रुग्णालयाचा कागद आम्ही चौकशीत ठेवला. आरोपपत्र मागे घेतले गेले आणि संडासाजवळच्या खात्यात त्याची बदली झाली.

पण गोष्ट येथे संपली नाही. बरे वाटले म्हणून त्याने गोळ्या सोडल्या आणि आठ महिन्यांनी दुखणे उलटले. या वेळी तो दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी जुनी चिठ्ठी पाहिली आणि हसून म्हणाले, ‘हे तर आजोबांच्या काळचे औषध! आता कोण देतो?’ त्यांनी नवी, कितीतरी महाग गोळी लिहून दिली. त्याच्या पगारात ती दरमहा बसेना. तो माझ्यासमोर दोन्ही चिठ्ठ्या ठेवून म्हणाला, ‘आप्पा, खरं कोणाचं मानू?’ दोघेही शिकलेले डॉक्टर. मी काय सांगणार? पण त्या प्रश्नाने मला वाचनालयात नेले आणि ओळखीच्या डॉक्टरांच्या कपाटातली मासिके चाळायला लावली.

प्रथम हे पाहू की, आपल्याकडे हा रोग इतकी वर्षे ओळखू का आला नाही. खानदेशात उन्हाळा संपून पहिला पाऊस पडला की आव, मुरडा, हगवण यांची साथ ठरलेली. सातपुड्यातल्या कुड्याची साल त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या उगाळून दिली जाते. पुढे १९१२ साली कलकत्त्याला लिओनार्ड रॉजर्स यांनी आमांशावर एमेटीनची सुई देण्यास सुरुवात केली, आणि १९६० नंतर मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आल्या. जंतूंमुळे होणाऱ्या आमांशावर ही औषधे गुणकारी ठरली, म्हणून रक्त पडले की तीच द्यायची असा परिपाठ पडला. त्यात एक समज असा होता की, आतड्याचा हा दाह गोऱ्या लोकांचा, थंड व श्रीमंत देशांचा रोग आहे. आपल्याकडे तो क्वचितच. २००३ साली पंजाबातील एक पाहणी प्रसिद्ध झाली, तीत दर लाख वस्तीमागे सुमारे ४४ माणसांना हा रोग आढळला. पंजाबचा आकडा खानदेशाला तसाच लावता येणार नाही, हे मी जाणतो. पण २०११ च्या शिरगणतीत अमळनेरची वस्ती लाखाच्या आतबाहेर होती. पंजाबच्या निम्मे प्रमाण धरले तरी आपल्या गावात वीस-बावीस घरे अशी निघतील की, ज्यांत कोणीतरी हे दुखणे मुकाट्याने सोसत आहे. आज या सभेतही कोणी असेल.

या रोगाचे दोन प्रकार आहेत. एक मोठ्या आतड्याच्या अस्तराला व्रण पाडणारा; लंडनच्या सॅम्युअल विल्क्स यांनी १८५९ साली तो साध्या आमांशाहून वेगळा म्हणून मांडला. दुसरा तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही, आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जाणारा. १९३२ साली न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि क्रोन यांचे नाव त्याला चिकटले. दोन्हींत शरीराची रक्षण करणारी शक्तीच आपल्या आतड्यावर उलटते, असे आज मानतात. मूळ कारण पूर्णपणे हाती आलेले नाही. म्हणून रोग दाबून ठेवता येतो, पण औषधाने कायमचा उपटून टाकता येत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढची सारी हकीकत तिच्यावर उभी आहे.

औषधे येण्यापूर्वी डॉक्टर काय करीत? बिस्मथ देत, अफूचा अर्क देत, चांदीच्या क्षाराचे बस्ती देत, पोटाला भोक पाडून तेथून आतडे धूत. १९३० च्या सुमारास असेही मत पुढे आले की, हा मूलतः मनाचा रोग आहे. रोग्याचा स्वभावच दुबळा. म्हणजे रक्त पडायचे ते पडायचेच, वर दोषही रोग्याच्या माथी. आमच्या सभासदावरचे आरोपपत्र मला येथे आठवले. रोगाचे कारण सापडत नाही तेव्हा माणसावर ठपका ठेवण्याची सवय कारखान्यापुरती नाही.

या अंधारात पहिला दिवा लावला तो एका स्त्रीने. स्टॉकहोमच्या डॉक्टर नाना स्वार्ट्झ. ‘नाना’ हे तेथे बाईचे नाव आहे, हे सांगितले पाहिजे, नाहीतर आपल्याकडे घोटाळा व्हायचा! १९३७ साली त्या कॅरोलिन्स्का संस्थेत वैद्यकाच्या प्राध्यापक झाल्या. स्वीडनच्या सरकारी विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या त्या पहिल्या स्त्री. त्या काळी सल्फा औषधांचा बोलबाला होता. जर्मनीच्या गेरहार्ड डोमाक यांनी १९३५ साली एका रंगद्रव्यातून निघालेले पहिले सल्फा औषध जगापुढे आणले होते. सांधेदुखीचा रोग जंतूंमुळे होतो, अशी तेव्हा पुष्कळांची समजूत होती. म्हणून स्वार्ट्झबाईंनी विचार केला की, जंतू मारणारा सल्फाचा अंश आणि दाह शमवणारा सॅलिसिलेटचा अंश (आपल्या ॲस्पिरिनच्या गोत्यातला) एकत्र जोडावे. फार्मासिया या औषधकंपनीच्या रसायनज्ञांनी तसे द्रव्य करून दिले. तेच सॅलाझोपायरीन, म्हणजे सल्फासालाझीन.

औषध केले सांध्यांसाठी. पण ज्या रोग्यांना आतड्याचा दाह होता, त्यांचे रक्त थांबू लागले. बाईंनी ते दृष्टीआड केले नाही. १९४२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. म्हणजे ज्या तर्कावर औषध केले तो तर्क चुकीचा आणि ज्या रोगासाठी केले तो रोग दुसरा, तरी औषध खरे ठरले. त्यांनी तर्कापेक्षा रोग्याकडे अधिक पाहिले, म्हणून ते हाती लागले.

तरी एका डॉक्टरांचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. हा रोग आपोआप ओसरतो आणि आपोआप उसळतो. म्हणून ओसरताना जे दिले त्याला श्रेय मिळते. यावर उपाय एकच, तुलना. ती कशी करावी हे या रोगात प्रथम ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स यांनी दाखवले. कॉर्टिझोन हे नवे औषध १९४९ च्या सुमारास आले होते आणि त्याचा गाजावाजा फार होता. या दोघांनी २१० रोगी घेतले. चिठ्ठ्या टाकाव्या तशी वाटणी करून काहींना कॉर्टिझोन दिले, काहींना दिसायला तशीच पण बिनऔषधाची गोळी. कोणाला काय मिळाले हे रोग्याला ठाऊक नाही, तपासणाऱ्यालाही नाही. सहा आठवड्यांनी पाहिले तर कॉर्टिझोन घेणाऱ्यांपैकी शंभरी ४१ जणांचा रोग पूर्ण शमला होता. दुसऱ्या गटात शंभरी १६ जणांचा. हा निकाल १९५५ साली छापून आला.

पण त्याच मंडळींनी पुढचे पाऊल टाकले, आणि ते अधिक मोलाचे आहे. रोग शमल्यावर कॉर्टिझोन चालू ठेवले तर तो शमलेला राहतो का? उत्तर आले, नाही. उलट चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, साखर आणि रक्तदाब वाढतो. म्हणजे हे औषध आगीच्या बंबासारखे. आग लागली की बोलवावे, विझली की परत पाठवावे. तेही एकदम बंद न करता डॉक्टर सांगतील तसे हळूहळू. हे मत सत्तर वर्षे जुने आहे आणि आजही ढळलेले नाही. तरी आपल्याकडे जुनी चिठ्ठी दुकानात दाखवून महिनोन्‌महिने स्टेरॉईडच्या गोळ्या खाणारी माणसे मी पाहिली आहेत. बरे वाटते ना, मग झाले! त्या बरे वाटण्याची किंमत काही वर्षांनी खुब्याचे हाड मोजते.

मग राखणदारीचे काम कोणी करायचे? येथे सल्फासालाझीन पुन्हा पुढे आले. लंडनला मिझिविच, लेनर्ड-जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग शमलेल्या माणसांचे दोन गट केले. एकाला सल्फासालाझीन, दुसऱ्याला बिनऔषधाची गोळी. वर्षभर पाहिले. १९६५ साली निकाल प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्यांपैकी बहुतेकांचे वर्ष सुखात गेले. दुसऱ्या गटातील बहुतेकांचा रोग उलटला. आमच्या सभासदाने बरे वाटताच गोळ्या सोडल्या आणि आठ महिन्यांत तो आडवा झाला, याचे उत्तर त्याच्या जन्माआधीच छापून तयार होते. ते त्याला कोणी समजावून सांगितले नव्हते, इतकेच. चिठ्ठी लिहायला एक मिनिट लागते, समजावायला दहा. आणि दवाखान्याबाहेर रांग असते. मी कोणा एकाला दोष देत नाही.

आता ‘आजोबांच्या काळचे औषध’ या शेऱ्याकडे येऊ. तो शेरा अगदी निराधार नव्हता. सल्फासालाझीनने काहींना मळमळते, डोके दुखते, अंगावर पुरळ उठते. क्वचित रक्तावर वा यकृतावर परिणाम होतो. पुरुषांच्या बीजाची संख्या घटते, ती औषध थांबवल्यावर पूर्ववत होते; पण नव्या लग्नाच्या माणसाला हे आधी सांगायला हवे. फॉलिक ॲसिड नावाचे जीवनसत्त्वही शरीरात नीट शोषले जात नाही. हे सारे कोणत्या अंशामुळे? औषध तर दोन अंशांची जोडगोळी. त्यांतला कामकरी कोण आणि नुसता हजेरी लावणारा कोण?

याचा शोध १९७७ साली ऑक्सफर्डला लागला, आणि लावणाऱ्यांत आपल्या शेजारचे, ढाक्याचे डॉक्टर आझाद खान होते. हेच पुढे बांगलादेशात मधुमेहाच्या कार्यातील अग्रणी झाले. त्यांनी ट्रुलव्ह आणि पिरिस यांच्याबरोबर एक साधी युक्ती केली. अखंड औषध, नुसता सल्फाचा अंश आणि नुसता सॅलिसिलेटचा अंश असे तीन वेगवेगळे बस्ती रोग्यांना दिले. गुण आला तो अखंड औषधाने आणि सॅलिसिलेटच्या अंशाने. सल्फाचा अंश मागे पडला. म्हणजे ज्या सल्फाच्या नावाने औषध ओळखले जाई, तो खरा हमालच होता. त्याने ओझे मोठ्या आतड्यापर्यंत वाहून न्यायचे; तेथले जंतू दोघांची गाठ सोडतात आणि औषध आपले काम करते. पुष्कळसा त्रास होतो तोही या हमालाचाच.

मग रसायनज्ञांनी हमालाला वगळून औषध पोचवण्याच्या निराळ्या तऱ्हा काढल्या. वर लेप दिलेल्या गोळ्या, दाणे, पिशव्या. त्यांना मेसालाझीन म्हणतात. आमच्या सभासदाला दिलेली महाग गोळी ती हीच. पुढे कॉक्रेन नावाच्या संशोधकांच्या मंडळाने जगभरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. नवे औषध अधिक लोकांना सोसते, हे खरे ठरले. पण रोग शमवण्यात ते जुन्याहून सरस ठरले नाही, आणि शमलेला रोग राखण्यात तर जुनेच थोडे पुढे राहिले. ज्याचे सांधेही दुखतात त्याला जुन्याचा आणखी एक फायदा आहे, कारण सांध्यांच्या रोगावर ते आजही दिले जाते. शेवटी स्वार्ट्झबाईंचा मूळ हेतूही वाया गेला नाही.

तेव्हा दोन डॉक्टरांपैकी खरे कोणाचे? ज्याला जुने सोसत नाही त्याच्यासाठी दुसऱ्यांचे. ज्याला सोसते आणि ज्याचा खिसा बेताचा आहे, त्याच्यासाठी पहिल्यांचे. दोघांच्या चिठ्ठ्यांत एकाच घरचे औषध होते. चूक होती ती केवळ त्या हसण्यात.

जुन्या औषधांना आणखी एका प्रकारे अन्याय सोसावा लागतो. त्यांची परीक्षा उतावळेपणाने होते. ॲझाथायोप्रीन हे नाव काहींच्या कानावर असेल. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी १९५० च्या दशकात रक्ताच्या कर्करोगासाठी काढलेल्या औषधाचे हे भावंड. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवलेल्या रोग्यांना ते देऊ लागले. क्रोनच्या रोगावर अमेरिकेत त्याची मोठी चाचणी झाली, तिचा निकाल १९७९ साली आला: उपयोग दिसत नाही. पण ती चाचणी होती १७ आठवड्यांची. लगेच १९८० साली न्यूयॉर्कच्या डॅनियल प्रेझेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कुळातल्या औषधाची ८३ रोग्यांवर दोन वर्षे चाललेली चाचणी प्रसिद्ध केली. औषधाने शंभरी ६७ जणांना गुण आला. बिनऔषधाच्या गोळीने शंभरी ८ जणांना. गुण यायला सरासरी तीन महिन्यांहून अधिक लागले होते. सतरा आठवडे पाहून ज्याला नालायक ठरवले, त्याला वेळ दिला तेव्हा ते कामाचे निघाले. उमेदवारीच्या मुदतीत घाईने काढून टाकलेले कितीतरी चांगले कामगार मी पाहिले आहेत. म्हणून हा निकाल वाचताना मी क्षणभर थांबलो.

मात्र हे औषध रक्ताच्या पेशी घटवू शकते. आपल्या देशात काही लोकांत असा एक वंशगुण असतो की, त्यांना नेहमीची मात्राही जास्त होते. युरोपात त्यासाठी जी तपासणी करतात ती येथे पुरी पडत नाही, हे २०१४ नंतर स्पष्ट झाले. म्हणून आपले डॉक्टर थोड्या मात्रेने सुरुवात करतात आणि वरचेवर रक्त तपासायला सांगतात. ते तपासणे टाळू नये. जुने औषध स्वस्त असते, पण त्याच्यावरची देखरेख सोडली तर ते महागात पडते.

आता ज्या भागासाठी मी हे व्याख्यान पत्करले, तो भाग. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईला आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गिरणीत राबणाऱ्या, चाळीत राहणाऱ्या गरीब गरोदर बायका रक्त आटून पांढऱ्याफटक पडत आणि बाळंतपणात दगावत. ते का, हे शोधणे त्यांचे काम. रोगजंतू सापडेनात. बाईंनी मग चुलीकडे पाहिले. या बाया काय खातात, भाजी किती, दूध-फळ मिळते का, हे नोंदवले आणि उंदरांना व माकडांना तसलेच अन्न घालून पाहिले. शेवटी उपाय सापडला तो यीस्टच्या एका स्वस्त अर्कात. विलायतेत तो पावाला लावून खातात, त्याचे नाव मार्माइट. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कात कोणते द्रव्य आहे हे तेव्हा कळले नव्हते. पुढे कळले की ते फॉलिक ॲसिड.

हे द्रव्य १९४५ साली अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार झाले. तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. मग त्यांच्याच मंडळींनी फॉलिक ॲसिडचे तोतये तयार केले. दिसायला तसेच, पण पेशीत शिरून खऱ्याचे काम अडवणारे. बोस्टनचे सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ मध्ये असा एक तोतया रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना दिला आणि काही काळ का होईना, रोग मागे हटला. त्याच कुळातले मेथोट्रेक्सेट. पुढे ते सांध्यांच्या रोगावर आले. आणि १९९५ साली ब्रायन फेगन आणि सहकाऱ्यांनी क्रोनच्या १४१ रोग्यांवर ते तपासले. आठवड्याला एक सुई. सोळा आठवड्यांनी शंभरी ३९ जणांचा रोग स्टेरॉईड न घेता शमलेला होता. दुसऱ्या गटात शंभरी १९ जणांचा. येथे एक इशारा दिल्यावाचून राहवत नाही. या रोगात हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. गैरसमजाने रोज घेतले तर जिवावर बेतते. गरोदर स्त्रीने तर ते घेताच कामा नये.

पहा, साखळी कशी जुळते. परळच्या ज्या बायांचे नाव कोणत्याही पुस्तकात नाही, त्यांच्या अशक्तपणातून एक जीवनसत्त्व कळले, आणि त्याच्या तोतयातून एक औषध निघाले. गिरणीत काम करणाऱ्यांना इतिहास नसतो, असे म्हणतात. औषधाच्या दुकानात तो कपाटभर असतो. फक्त बाटलीवर लिहिलेला नसतो.

नव्या औषधांविषयी दोन शब्द बोललो नाही तर मी एकांगी ठरेन. १९९८ साली अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅब हे सलाइनवाटे द्यायचे औषध क्रोनच्या रोगावर मंजूर झाले, आणि त्यानंतर तशी अनेक आली. जुन्या औषधांनी ज्यांना गुण येत नाही अशा कितीतरी रोग्यांची आतडी त्यांनी कापण्यापासून वाचवली आहेत. पण त्यांचा खर्च कामगाराला झेपत नाही. भारतीय कंपन्यांनी २०१४ पासून त्यांच्या स्वस्त आवृत्त्या काढल्या, तरी स्वस्त म्हणजे पूर्वीहून स्वस्त इतकेच. दुसरी अडचण क्षयाची. आपल्यापैकी पुष्कळांच्या शरीरात क्षयाचे जंतू निजलेले असतात, आणि या औषधांनी ते जागे होऊ शकतात. शिवाय आतड्याचा क्षय आणि क्रोनचा रोग दुर्बिणीतही इतके सारखे दिसतात की भले भले फसतात. म्हणून आपल्याकडचे डॉक्टर नव्याकडे जपून जातात. हा त्यांचा मागासपणा नव्हे; येथील जमीन ओळखून केलेली पेरणी आहे.

जुने ते सोने, असे मला म्हणायचे नाही. चांदीचे बस्ती जुने होते, रोग्याच्या स्वभावाला दोष देणे जुने होते. ती टाकून दिली हे योग्यच झाले. कॉर्टिझोनला मर्यादा घातली, तीही योग्य. माझे म्हणणे इतकेच की, औषधाला निवृत्त करायचे तर ते तुलना करून, पुराव्याने करावे; त्याचा जन्म कधीचा हे पाहून नव्हे. यात एक गोष्ट आड येते. नव्या औषधाची बाजू मांडायला माणसे हिंडतात, छापील कागद वाटतात, सभा भरवतात. जुन्या, मक्ता संपलेल्या, स्वस्त औषधाची बाजू मांडण्यात कोणालाच नफा नसतो. त्याला वकील नाही. ज्याला वकील नाही त्याची बाजू मांडणे हाच माझा तीस वर्षांचा धंदा, म्हणून मी आज येथे उभा आहे.

आपण काय करू शकतो? रक्त दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ पडत असेल तर ‘आव आहे’ म्हणून गप्प बसू नये, तपासून घ्यावे. दिवसाला सहा वा अधिक वेळा रक्त पडत असून ताप आणि नाडीची धावपळ असेल, तर रुग्णालय गाठावे. ही खूण ट्रुलव्ह आणि विट्स यांनीच घालून दिली आणि ती आजही वापरतात. बरे वाटले तरी औषध आपल्या मनाने सोडू नये. रोगाला आठ-दहा वर्षे झाली की मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी दुर्बिणीची तपासणी केव्हा करावी, हे विचारून घ्यावे. आणि डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावे: ‘साहेब, याहून जुने, कमी खर्चाचे औषध मला चालेल का? चालत नसेल तर का?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. मी पुष्कळांना विचारून पाहिले आहे.

आमच्या त्या सभासदाने हा प्रश्न तिसऱ्या एका डॉक्टरांना विचारला. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या, त्याचे रक्त तपासले, त्याला जुने औषध सोसले होते याची खात्री केली आणि तेच पुन्हा सुरू केले. मधूनमधून रोगाने डोके वर काढले, पण नोकरी गेली नाही. सकाळी न्याहरीनंतर तो आपल्या गोळ्या घेतो, आणि त्यांच्याबरोबर फॉलिक ॲसिडची एक लहानशी पिवळी गोळी. परळच्या त्या बायांची गोष्ट मी त्याला सांगितली, तेव्हा तो बराच वेळ ती गोळी तळहातावर धरून बसला होता. मग म्हणाला, ‘आप्पा, मनी मायबी गिरणीतच होती.’ आणि पाणी पिऊन पाळीवर गेला.